पडा, उठा, बोध काढा : आइस हॉकीतून आत्मिक उन्नती, दहा पायऱ्यांत

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

ज्याने चाळिशी ओलांडली आहे, ज्याचे गुडघे नगर जिल्ह्यात घडले पण पत्ता ओंटारिओतला आहे, आणि जो रविवारी सकाळी उपासनेला व त्याच रात्री पावणेअकराला आइस हॉकीच्या रिंकवर हजर असतो, अशा मराठी ख्रिस्ती माणसासाठी ही मार्गदर्शिका आहे. असा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे आणि तोच ही लिहितो आहे. इतरांनी वाचली तरी हरकत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिताना शर्यतीचा आणि मुष्टियुद्धाचा दाखला दिला, तेव्हा सगळी मंडळी काही लंगोट कसून धावत नव्हती. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन स्पर्धा भरत, म्हणून लोकांना खेळ कळत होता, एवढंच. पौल कॅनडात उतरला असता तर त्याने पहिल्या पत्रातच पक घातला असता.

आम्ही खेळतो त्या प्रकाराला इथे बीअर लीग म्हणतात. पाळकसाहेबांनी विचारलं तर ‘प्रौढांचा हौशी संघ’ असं सांगावं. तेही खरंच आहे.

आता खेळातून बोध का काढायचा? कारण आमचे अण्णा. ते निवृत्त पाळक, मुक्काम नगर. एस.टी. चुकली की अण्णांना तेल संपलेल्या कुमारी आठवत. शेळीने शब्बाथ शाळेचा हजेरीपट खाल्ला, त्या रविवारी त्यांनी ऐहिक नोंदींच्या नश्वरतेवर पस्तीस मिनिटं संदेश दिला. मी काहीही सांगायला गेलो, अगदी पायाला खिळा लागला म्हणून रडत गेलो तरी, टिंक्चर लावता लावता त्यांचा प्रश्न ठरलेला : “मग त्यातून बोध काय?” आता मी टोरांटोजवळ राहतो, अण्णा फोनवर असतात, आणि प्रश्न तोच आहे.

साहित्य

रिंक एक : लांबी 200 फूट, रुंदी 85 फूट, तापमान हाडांपर्यंत.
पक एक : कडक रबराची चकती, व्यास 3 इंच, जाडी 1 इंच, वजन साधारण 160 ग्रॅम. मोठ्या सामन्यांआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे उसळत नाही. लागते मात्र व्यवस्थित.
स्केटचा जोड एक, स्टिक एक, वास येणारी बॅग एक.
पवित्र शास्त्र एक (रिंकवर नेऊ नये, ओलं होतं).
सहनशील संघ एक. हे साहित्य विकत मिळत नाही.

कृतीआधी एक सूचना

नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तन आपलंसं केलं. कीर्तनाची घडण आपल्याला ठाऊक असते : पूर्वरंगात तत्त्वाचं निरूपण, उत्तररंगात आख्यान. आइस हॉकीत हा क्रम उलटा होतो. आख्यान आधी घडतं, म्हणजे आपण आपटतो, आणि बर्फावर उताणं पडून छताकडे बघत पूर्वरंग शोधावा लागतो. बाकीची कृती याच एका अडचणीभोवती आहे.

पायरी 1 : शस्त्रसामग्री चढवा

इफिसकरांच्या पत्रातली सामग्री तुम्हाला शब्बाथ शाळेपासून पाठ असेल : कंबरपट्टा, उरस्त्राण, पायांतले जोडे, ढाल, शिरस्त्राण, तलवार. हॉकीत यातलं जवळपास सगळं मिळतं, ढाल फक्त गोलकीपरला. आइस हॉकीवर संदेश देणारा प्रत्येक जण सुरुवात इथूनच करतो, म्हणून तुम्हीही करा.

पौलाने क्रमाबद्दल जे सांगितलेलं नाही ते मी सांगतो. खांद्याचे पॅड आधी चढवले की वाकता येत नाही, आणि वाकता आलं नाही की स्केटची नाडी बांधता येत नाही. मी पहिल्या रात्री पूर्ण उरस्त्राण लेवून अनवाणी बसलो होतो. शेवटी शेजारच्या माणसाने, ज्याचं नावही मला ठाऊक नव्हतं, गुडघ्यांवर बसून माझ्या नाड्या आवळल्या. पाय धुण्याचा प्रसंग आठवण्याची ही उत्तम जागा होती. मला मात्र मोज्याला पडलेलं भोक आठवत होतं.

शिरस्त्राणाबद्दल. व्यावसायिक हॉकीत गोलकीपर कित्येक दशकं उघड्या चेहऱ्याने उभे राहत. 1 नोव्हेंबर 1959 रोजी न्यूयॉर्कमध्ये माँट्रिऑलच्या जाक प्लांतच्या तोंडावर पक बसला. टाके घालून तो परत आला तो मुखवटा चढवूनच. प्रशिक्षकाला ते पसंत नव्हतं. घाबरट दिसतं, असा तेव्हाचा समज होता. बोध : विश्वास असावा, पण चेहऱ्यावर जाळीही असावी.

पायरी 2 : उभे राहा

हे एका बैठकीत जमेल असं समजू नये. नवशिक्यांना ढकलत न्यायला एक लोखंडी चौकट देतात. ती धरून मी निघालो, तेव्हा माझ्या बाजूने चार वर्षांची एक मुलगी उलटी, म्हणजे पाठ पुढे करून, वेगाने गेली आणि जाता जाता तिने माझ्याकडे दयेने बघितलं. लेकरांसारखे व्हा, असं प्रभूने का सांगितलं, ते कळायला मला सेहेचाळीस वर्षं आणि एक लोखंडी चौकट लागली. लेकरांना पडायला फार उंचावरून यावं लागत नाही, हे एक कारण. पडताना आपल्याला कोण बघतंय याचा हिशेब त्यांच्याकडे नसतो, हे दुसरं.

पायरी 3 : पडा

गुडघे वाकवा, एका कुशीवर या, हात पुढे टेकू नका, मनगट जातं. पडल्यावर बोटं आवळून घ्या, कारण मागून येणाऱ्याच्या पायाखाली पातं आहे. मग एक गुडघा वर, त्यावर दोन्ही हात, आणि उठा.

नीतिमान सात वेळा पडला तरी उठतो, असं शास्त्रात आहे. मी पहिल्या तासात एकवीसपर्यंत मोजलं आणि मग नीतिमत्तेचा विषय सोडून दिला.

पायरी 4 : थांबायला शिका

नवख्याला पळणं त्या मानाने लवकर येतं. थांबणं येत नाही. पायांची बोटं आत वळवून बर्फ खरवडत थांबणं ही बालवाडी. दोन्ही पाती एकदम आडवी करून, बर्फाचा फवारा उडवत थांबणं ही पदवी. मधल्या काळात तुम्हाला भिंत थांबवते.

इथे चौथी आज्ञा आपसूक येते : शब्बाथ पाळ, म्हणजे थांब. कॅनडाने तर त्यासाठी 1906 साली कायदाच केला होता. प्रभूच्या दिवशी धंदा, बरेचसे कामकाज आणि पैसे घेऊन खेळ दाखवणं यांवर त्यात बंधनं होती. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला. आज आम्ही रविवारी रात्री खेळतो, आणि रविवारी रात्री खेळून थांबण्याचा बोध काढतो. ही विसंगती मी अण्णांना अजून सांगितलेली नाही. “रात्री पावणेअकराला कसली सवड मिळते रे?” त्यांनी विचारलं होतं. मी म्हणालो, चांगल्या वेळा लहान मुलांना देतात आणि उरलेल्या आम्हाला. “बरोबर आहे. मग त्यातून बोध काय?” मी म्हणालो, सोमवारी ऑफिसात झोप येते.

पायरी 5 : नियम (घाईत)

ऑफसाइड : पक निळी रेघ ओलांडण्याआधी तुम्ही ओलांडली तर शिट्टी. बोध : देवाच्या वेळेआधी पोहोचू नये.
आयसिंग : आपल्या अर्ध्या भागातून पक पलीकडच्या टोकापर्यंत नुसता भिरकावला तर शिट्टी, आणि खेळ पुन्हा आपल्याच गोलासमोर सुरू. बोध : संकट लांब फेकलं तर ते दारात परत येतं.

हे दोन्ही बोध तयार मिळतात. त्यासाठी पडावंही लागत नाही. म्हणूनच ते कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

पायरी 6 : वेळेवर बाहेर या

एका वेळी बर्फावर पाच खेळाडू आणि एक गोलकीपर. बाकीचे बाकावर. खेळ न थांबवता आत-बाहेर बदल होत राहतो. जीव तोडून पळायचं, पाऊण मिनिटात बाहेर यायचं, आणि आपली जागा दुसऱ्याला द्यायची. या पाऊण मिनिटाला शिफ्ट म्हणतात.

हौशी हॉकीत पाऊण मिनिट हे दोन मिनिटांचं असतं. दम संपलेला असतो, पाय लाकडाचे झालेले असतात, तरी माणूस बाहेर येत नाही, कारण पुढचा गोल आपल्याच स्टिकवर लिहिलेला आहे असा त्याला दृष्टांत झालेला असतो. हे मी मंडळ्यांच्या कार्यकारिणीतही पाहिलं आहे. तिथे तर कोणी शिट्टीही मारत नाही.

पायरी 7 : दुसरा गाल

हॉकी हा मारामारीचा खेळ, त्यात ख्रिस्ती माणसाने काय करायचं, असा प्रश्न येईल. उत्तरादाखल दोन धर्मगुरू.

पहिले फादर डेव्हिड बावर. 1964 च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये ते कॅनडाच्या संघाचे मार्गदर्शक होते. स्वीडनविरुद्धच्या सामन्यात एका स्वीडिश खेळाडूची मोडकी स्टिक येऊन त्यांच्या कपाळावर बसली. रक्त आलं. अख्खा कॅनडाचा बाक उठला. फादरांनी सगळ्यांना खाली बसवलं. एवढंच नाही, तर नंतर त्या खेळाडूला सोबत घेऊन बसून त्यांनी दुसरा एक सामना पाहिला. कॅनडा चौथा आला, पदक हुकलं. फादरांना मात्र खिलाडूवृत्तीसाठी खास सुवर्णपदक मिळालं. पर्वतावरच्या प्रवचनाला ऑलिंपिक पदक मिळाल्याचा दुसरा दाखला मला ठाऊक नाही.

दुसरे फादर लेस कॉस्टेलो. 1948 साली टोरांटो मेपल लीफ्सकडून त्यांनी स्टॅनली कप जिंकला, म्हणजे या खेळातलं सर्वोच्च सुख वयाच्या विशीत मिळवलं, आणि मग सगळं सोडून ते सेमिनरीत गेले. 1963 पासून पाद्र्यांचाच एक संघ धर्मादाय सामने खेळत गावोगाव हिंडू लागला, त्याचे ते प्राण होते. हे पाद्री हॉकी उत्तम खेळत आणि मधेच माणसांच्या तोंडावर क्रीमचा ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ फेकून मारत. दुसरा गाल पुढे केला तर त्यावरही बसे. लोक हसत, पैसा गरजूंना जाई.

मी या दोघांचं अनुकरण करतो, असं म्हणायची सोय नाही. माझ्या वाटेला मारामारी येतच नाही. प्रतिस्पर्धी मला बाजू देतात, जशी आपण रस्त्यात गायीला देतो.

पायरी 8 : झांबोनी

दोन सामन्यांच्या मधे एक अवजड गाडी सावकाश फिरते. फ्रँक झांबोनी नावाच्या गृहस्थाने ती 1949 साली कॅलिफोर्नियात बनवली. तिचं पातं बर्फाचा वरचा थर तासतं, पाणी चरे धुऊन काढतं, आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर पसरतो. गरमच का? ते खालच्या बर्फाला किंचित वितळवून एकजीव होतं. दोन मिनिटांपूर्वी जिथे शंभर चरे होते तिथे आरसा.

यावर बोध काढला नाही असा ख्रिस्ती हॉकीपटू जन्मायचा आहे. तासणं म्हणजे पश्चात्ताप, धुणं म्हणजे क्षमा, नवा थर म्हणजे कृपा. मीही मंडळीच्या तरुण संघात हाच बोध पाच मिनिटं दिला. मुलं इथेच जन्मलेली, मराठी जपून बोलणारी. एक जण म्हणाला, “अंकल, झांबोनी तासातून एकदाच येते. मधल्या वेळात काय?” दुसरी म्हणाली, “आणि ती लगेच परत खराब होते ना?” पाळकसाहेब खिडकीबाहेर बघू लागले. मी म्हणालो, चला, समोसे गार होतायत.

नेहमी होणाऱ्या चुका

बोध आधी ठरवून रिंकवर जाणं. खेळ त्याला जुमानत नाही.
गोल झाला की आकाशाकडे बोट करणं. समोरचा गोलकीपरही प्रार्थना करून आलेला असतो.
पडल्यावर लगेच अर्थ काढणं. आधी हाड तपासावं.
ज्या दृष्टांतात आपण नेहमीच उधळ्या पुत्र असतो आणि थोरला भाऊ कधीच नसतो, तो दृष्टांत पुन्हा वाचावा.

पायरी 9 : दुसऱ्यासाठी आत बसा

आता या खेळातला सगळ्यात आयता दृष्टांत. लहान अपराधाला दोन मिनिटं पेनल्टी बॉक्स. अपराधी काचेच्या खोलीत बसतो, त्याचा संघ एकाने कमी होऊन खेळतो. पण अपराध गोलकीपरचा असेल तर? गोल मोकळा सोडून तो बसू शकत नाही. मग त्याच्याऐवजी संघातला दुसरा कोणी जाऊन बसतो. ज्याने काही केलेलं नाही, तो. अख्खं प्रायश्चित्ताचं तत्त्व, काचेच्या खोलीत, स्कोअरबोर्डवर घड्याळासह.

डिसेंबरात आमच्या गोलकीपरने एकाच्या पोटरीवर स्टिक हाणली. आमच्या कप्तानाने, साठीचा प्लंबर आहे तो, बर्फावर आमच्याकडे नजर फिरवली आणि मला खूण केली. माझ्या अंगी निष्कलंकता आहे म्हणून नव्हे. मी नसल्याने संघाचं सगळ्यात कमी नुकसान होणार होतं.

मी आत बसलो. आलं होतं ते पूर्वरंगासकट आख्यान, आयुष्यात एकदाच मिळतं तसं. आणि त्या दोन मिनिटांत मी काय केलं? “याने मारायचं आणि मी बसायचं,” हे मराठीत तीन वेळा पुटपुटलो. रविवारच्या फीचे डॉलर भागिले मिनिटं, असा हिशेब केला. गोलकीपर फी भरत नाही, गोलकीपर दुर्मीळ म्हणून त्याला फुकट खेळवतात, हेही आठवलं. दार उघडलं तेव्हा मी थोरला भाऊ होऊन बाहेर आलो.

त्या रात्री अण्णांना मी एवढंच सांगितलं की गुडघा बरा आहे.

पायरी 10

फेब्रुवारी. 3-3 बरोबरी, दोन मिनिटं उरलेली. कप्तान दमून बाकाकडे येत होता, त्याच्या जागी मला जायचं होतं. तो दारापाशी पोहोचण्याआधीच मी उडी घेतली. गोलकीपर सोडून बर्फावर आमचे सहा झाले. एवढ्यावर कदाचित निभावलं असतं, पण पक माझ्याच पायाशी आला आणि मी तो मारला. वर्षभरातला माझा सगळ्यात चांगला फटका. शिट्टी.

जास्त माणसं आत असल्याची शिक्षा संघाला होते, बसायचं मात्र कोणा एकाने. कोणाने ते उघडच होतं : चूक माझी, आणि संघातला सगळ्यात कच्चा खेळाडूही मीच. हॉकीचं शहाणपण आणि न्याय क्वचित एकाच दिशेला बोट दाखवतात, त्या वेळी दाखवत होते. मी बॉक्सकडे वळलोही. कप्तानाने स्टिक माझ्या छातीशी आडवी धरली, हलकेच. “तू थांब. तुला अजून खेळायचंय,” म्हणाला, आणि स्वतः जाऊन आत बसला. आमचा सगळ्यात चांगला खेळाडू, अशा वेळी, काचेच्या आत, हेल्मेट मांडीवर घेऊन.

चाळीस सेकंदांत त्यांनी गोल केला. आम्ही 4-3 हरलो. रांगेत उभे राहून दोन्ही संघांनी हस्तांदोलन केलं, जसं दर वेळी करतात. कपडे बदलायच्या खोलीत कोणी काही बोललं नाही. कप्तानाने थंड पेटीतून सगळ्यांना बीअर वाटली, माझ्यासाठी तळाशी हात घालून जिंजर एल शोधली, झाकण उघडून दिली आणि बाजूच्याशी कोणाच्या तरी तुंबलेल्या सिंकबद्दल बोलू लागला. मी माफी मागायला तोंड उघडलं. त्याने हातानेच ती माशी हाकलावी तशी हाकलली.

साडेबारा वाजले होते. पार्किंगमध्ये काच गरम होईपर्यंत गाडीत बसून मी अण्णांना फोन लावला. तिकडे सकाळचे अकरा.

“झाला का खेळ? जिंकलात?”

“हरलो. अण्णा, चूक माझी होती. आत दुसरा बसला.”

“कोण दुसरा?”

“कप्तान. मला म्हणाला, तू खेळ.”

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. मग दुसरी. मी ठरलेल्या प्रश्नाची वाट बघत होतो. उत्तर मला येत नव्हतं.

“बरं,” अण्णा म्हणाले. “रस्त्यावर बर्फ असेल. सावकाश जा.”